शाळेचा विस्तू

"बाकी सारं पाडा गा, पण माह्या चुलीले हात लावू नोका," असं म्हणून मैनाबाई चुलीसमोर फतकल मारून बसली. गुणवंतरावांनी उगारलेली सब्बल खाली टेकवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार? माझ्या डोक्यावर कवेलूंचं टोपलं होतं.

वैशाखातली सकाळ होती आणि अख्खा टोला, म्हणजे आमची छोटी वस्ती, शाळा पाडायला जमला होता. हो, पाडायला. पोरं छपरावर चढून कवेलू उतरवत होती, बाया रांगेनं ते हातोहात देत होत्या, म्हातारे चिंचेखाली बसून नसते सल्ले देत होते. लग्नघरात असतो तसा सगळ्यांना हुरूप आला होता. सरकारनं शाळांचा पैसा वाढवला ही बातमी आधी टीव्हीवर आली, मग गुणवंतरावांच्या फोनवर आली, आणि मग एक दिवस मोटारसायकलवरून इंजिनीअर साहेब आले. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यांनी फीत लावून जागा मोजली, दोन नवीन खोल्या, स्वयंपाकाची खोली, मुलींचं संडास, सगळं तोंडी दाखवलं. जाताना गाडीला किक मारता मारता म्हणाले, जागा मोकळी असली की काम लवकर होतं.

एवढंच म्हणाले. पण आमच्या टोल्यात एवढं पुरतं. आमच्याकडची रीतच तशी आहे. कोणाला घरकुल मंजूर झालं की त्याचं जुनं घर सारं गाव मिळून एका दिवसात पाडतं आणि घरवाला सगळ्यांना जेवू घालतो. जुनं उभं असताना नवं मागणं बरं दिसत नाही, अशी आमची समजूत. गुणवंतराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी दवंडी दिली, श्रमदान ठरलं. प्रफुल सर तेवढे म्हणाले होते, ऑर्डर हातात येऊ द्या, एवढी घाई करू नका. सर तिकडं चिमूरकडचे, वयानं लहान, आणि पगारी माणूस. पगारी माणसाला कागदाशिवाय घास गिळत नाही, असं म्हणून आम्ही हसलो. मीही हसलो.

तर मैनाबाई चुलीपुढून हलेना. गुणवंतरावांनी समजावलं की नव्या शाळेत गॅस मिळणार, ओटा मिळणार, धुरानं डोळे जाणार नाहीत. ती म्हणाली, मिळू द्या की, मी कुठं नाही म्हणते? पण आधी विस्तू काढू द्या.

मग सगळ्यांनाच आठवलं आणि सब्बल थांबली. तीही आमचीच रीत. घर पाडताना जुन्या चुलीतला विस्तू विझू द्यायचा नाही. कोणीतरी तो आपल्या घरी नेऊन जपायचा, आणि नवी चूल मांडली की तिच्यात आणून घालायचा. विस्तू विझला तर घर परक्याचं होतं, असं जुनी माणसं सांगतात. मैनाबाईनं राखेतून मोहाच्या लाकडाचे दोन निखारे वेचले, मडक्यात राख पसरून त्यावर ठेवले, वरून धानाचा भुसा दाबला आणि पदर खोचून उभी राहिली. "आता पाडा," म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत शाळेच्या जागी नुसतं जोतं उरलं.

मैनाबाई ढिवराची. तिचा नवरा इस्तारी तळ्यात जाळं टाकायचा, बाकीचे दिवस मजुरी. धान कापून झालं की टोल्यातली निम्मी माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, ही दोघंही जायची. पोरगा पत्रू काखेत, पुढं बोट धरून, पुढं स्वतःच्या पायानं. पत्रूचं नाव शाळेत होतं. पण हजेरी लागायची ती धान कापेपर्यंत. पुढचे महिने तो मिरचीच्या शेतात, हात आणि डोळे चोळत. असं करता करता तो बारा वर्षांचा झाला आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येईना. मैनाबाईला ते फार लागलं. इस्तारी वारल्यावर ती पुन्हा तेलंगणात गेली नाही. शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे होती, ती चुलीपाशी बसली, आणि त्यानंतर मिरचीच्या वेळेस घरोघर जाऊन एकच गोष्ट सांगायची, "तुमी जा. लेकरं इथी राहू द्या. मी पाहतो."

आणि तिनं पाहिलं. दुपारची खिचडी सरकारची, पण रात्रीची पेज तिची असायची. तिच्या पडवीत मिरचीवाल्यांची लेकरं ओळीनं झोपायची. दिवाळीनंतर तळ्यात पहिलं जाळं पडलं की ढिवर मंडळी एक टोपलं झिंगे शाळेत पोचवायची. ती ते खिचडीसोबत परतायची आणि सरकारी यादीत झिंगे नसतात म्हणून सर तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघायचे. कोणाचं डोकं दुखलं, कोणाला आईची आठवण आली, सगळ्यांना एकच औषध, "ये, चुलीपाशी बस." कधीकधी खेकसायचीही. पण मिरचीच्या दिवसांतसुद्धा आमच्या शाळेचे वर्ग भरलेले असायचे, ते तिच्यामुळं, हे सगळा टोला जाणतो.

माझं दुकान शाळेच्या समोर. सकाळी ती घरच्या चुलीतला विस्तू मडक्यात घेऊन शाळेत जायची आणि संध्याकाळी शाळेच्या चुलीतला घरी न्यायची. दोन घरचा एकच विस्तू. मी तिला चिडवायचो, मैनाबाई, सारं गाव काडीपेटी नेते, तुझ्या घरची एक काडी माझ्या दुकानातून कधी खपली नाही. ती म्हणायची, "माही आग मेली मंजे घेईन ना भाऊ."

पायल तिची नात, पत्रूची पोर. पत्रू आणि त्याची बायको रिना मिरचीला जायचे तेव्हा पायल आजीजवळ. तिसरीत होती. दुकानात आली की पुड्यांवरचं सगळं मोठ्यानं वाचायची, साबण, बिस्किटं, किंमत, पत्ता, काही म्हणजे काही सोडायची नाही. गिऱ्हाईक खोळंबायचं, मी वैतागायचो. मैनाबाई मात्र शाळेच्या दारात उभी राहून ऐकायची. तिला स्वतःला अक्षर येत नाही. पोरगी अडखळली की तिचाही श्वास अडायचा.

जूनमध्ये शाळा उघडली ती समाजमंदिरात. आम्ही म्हटलं चार दिवसांचा प्रश्न आहे. मैनाबाईनं बाहेर तीन दगड मांडून खिचडी शिजवली. पाऊस लागला, समाजमंदिर गळायला लागलं. मग तालुक्याहून साहेब आले. त्यांनी जोतं पाहिलं, आम्ही नीट रचून ठेवलेले कवेलू पाहिले, सागाचे दांडे पाहिले, आणि विचारलं, कोणी पाडायला सांगितलं होतं? गुणवंतरावांनी छाती काढून श्रमदानाची हकिकत सांगायला सुरुवात केली आणि साहेबांचा चेहरा पाहून मध्येच थांबले. साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मंजुरीत तुमच्या टोल्याचं नाव होतं, पण शेवटचा आदेश निघायचा होता, आणि आता इमारतच नसलेल्या शाळेत लेकरं बसवली तर उद्या माझ्यावर येईल. तात्पुरती लेकरं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत पाठवा. गाडी लावून देतो.

तात्पुरती. या शब्दावर आम्ही दोन महिने काढले. पोळ्याच्या सुमारास कळलं की मोठ्या गावच्या शाळेत आता लेकरं जास्त झाली, म्हणून नव्या खोल्या तिथंच बांधायच्या ठरल्या. चार खोल्या, वर आणखी एक संगणकाची. वाढीव पैसा खराच आला होता हो, कोणी खोटं बोललं नव्हतं. आमचीच लेकरं तिकडं मोजली आणि आमचीच शाळा तिकडं गेली. गुणवंतराव तालुक्याला जाऊन आले आणि माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसले. मग म्हणाले, "चहा पाजला मले त्यायनं. म्हणते, दोन लहान शाळांपेक्षा एक मोठी बरी. चांगलंच होऊन राह्यलं म्हणते." त्या दिवसापासून त्यांनी अध्यक्ष म्हणून कुठं बोलणं सोडलं.

गाडी लावली होती. नाला भरला की ती यायची नाही. नाला ओसरला की कधी यायची, कधी ड्रायव्हरचं दुसरं भाडं असायचं. मैनाबाई मग लेकरांना घेऊन पायी निघायची, जंगलातल्या पायवाटेनं, हातात थाळी आणि पळी, वाजवत. दिवाळीनंतर त्याच वाटेवर वाघानं गुराख्याचा बैल मारला. वनरक्षकानं येऊन हात जोडून सांगितलं, मावशी, तुम्ही या वाटेनं लेकरं नेऊ नका, उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू? त्याचं तरी काय चुकलं? एकेक घर माघार घ्यायला लागलं. आज याचं लेकरू घरी, उद्या त्याचं. प्रफुल सर मोठ्या गावच्या शाळेत बदलून गेले होते. ते रविवारी टोल्यात येऊन घरोघर सांगायचे, पाठवा, नाव कमी होईल. लोक मान डोलवायचे. सर जाताना माझ्या दुकानात पाणी प्यायचे. तुम्हीच पाडलं ना, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

या सगळ्यात मैनाबाईच्या पडवीत ते मडकं होतं. पावसाळाभर तिनं ते जपलं. लाकडं ओली, भुसा ओला, घर तीन ठिकाणी गळायचं, तर तिनं मडक्यावर घमेलं पालथं घातलं आणि स्वतः भिजली. टोल्यात काही जण कुजबुजायचे, शाळा आता येत नाही, म्हातारीला कोणीतरी सांगा. कोणीच सांगितलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, विस्तू आहे तोवर शाळा आपली, साहेबाच्या म्हणण्यानं काय होतं?

पौषात धान कापून, चुरून-मळून झालं आणि ठेकेदाराचा पिकअप आला. आदल्या दिवशी संध्याकाळी पत्रू दुकानात तंबाखू घ्यायला आला, मागोमाग मैनाबाई आली. ती भांडायलाच आली होती आणि तिला साक्षीदार पाहिजे होता, म्हणून दुकानात आली.

"पायलले नोको नेऊ," ती म्हणाली. "मी तिले कडेवर घेऊन नाला ओलांडीन."

"कोणत्या वाटेनं जाशीन? वाघाच्या?"

"गाडीनं."

"गाडी येते का रोज?" पत्रूचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "शाळा इथी होती तवा ठेवली ना? मी कधी नाई म्हटलं? आता शाळा नाई तं पोरीले इथी ठेवून का करू? दिवसभर गावात हुंदडत राहीन. तिथी निदान नजरेपुढं राहते. दोन टोपले तोडून बी देते."

"तू बी असाच गेला होता."

"हो ना. मंग मेलो का मी?"

मैनाबाई म्हणाली, "मेला नाई. पण मले रोज वाटते, मी तुले तिथी न्याले नाई पायजे होतं."

पत्रूनं मान खाली घातली. तंबाखूची पुडी हातात फिरवली. त्याला वाईट वाटत होतं, स्पष्ट दिसत होतं. पण वाईट वाटून काय करणार? त्यानं एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी टोल्यात शाळा आली तर पायलला नेणार नाही, आणि निघून गेला. पुढच्या वर्षी शाळा येणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं.

सकाळी पिकअप माझ्या दुकानासमोरच उभा राहिला. बायाबापड्या, गाठोडी, पाण्याच्या कॅन, तांदळाची पोती, मध्ये लेकरं कोंबलेली. गेल्या वर्षी या गाडीत एकही लेकरू नव्हतं. पायल चढण्याआधी धावत दुकानात आली. मला वाटलं गोळ्या मागेल. तिनं विचारलं, "आबा, तिथल्या दुकानात पुड्यायवर का लिहिलं राह्यते? मले वाचता येईन का?"

तिकडं सगळं तेलुगूत लिहिलेलं असतं. मी म्हटलं, येईल, थोडं थोडं येईल. आणि गोळ्यांची बरणी तिच्यापुढं केली. मैनाबाई गाडीजवळ उभी होती. तिनं पायलच्या डोक्याला स्कार्फ बांधला, डोळ्यांना हात लावू नको, मिरचीचा हात आधी मातीत घास, मग पाण्यात धू, असं बजावत राहिली. गाडी हलली. ती चार पावलं गाडीसोबत चालली आणि शाळेच्या जोत्यापाशी थांबली.

सव्वीस जानेवारीला मोठ्या गावच्या नव्या शाळेचं उद्घाटन ठरलं. आम्हालाही निमंत्रण होतं. टोल्यातून कोणी जाणार नव्हतं. मी दुकान उघडत होतो तर मैनाबाई धुतलेलं लुगडं नेसून, काखेत मडकं घेऊन निघालेली दिसली. मी विचारलं, कुठं? तर म्हणाली, "विस्तू पोचवून येतो." मला राहवलं नाही. मी दुकानाची फळी लावली आणि तिच्यासोबत सडकेच्या लांबच्या वाटेनं निघालो.

शाळा सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. रंगवलेल्या भिंती, हात धुवायला नळांची रांग, नवीन बाकं, पोरींसाठी वेगळं संडास. आमच्या पोरांना कधी मिळालं नाही असं सगळं. मैनाबाईनं एका वर्गात डोकावून पाहिलं. बाकावरून हात फिरवला. प्रफुल सर धावत आले, तिच्या पाया पडले, पायल कुठं आहे ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं असणार.

स्वयंपाकाच्या खोलीत ज्योत्स्ना नावाची बाई होती, वयानं हिच्या लेकीसारखी. ओटा, दोन मोठ्या गॅस शेगड्या, फरशी आरशासारखी. मैनाबाई मडकं घेऊन दारात उभी राहिली आणि पहिल्यांदाच गोंधळली. विस्तू ठेवायला जागाच नव्हती. ज्योत्स्नानं मडक्याकडं पाहिलं, मैनाबाईकडं पाहिलं. तीही आमच्या झाडीपट्टीतलीच, तिला सांगावं लागलं नाही. तिनं लाकडाची एक काटकी घेतली, निखाऱ्यावर धरून फुंकली, पेटवली आणि त्या जाळानं गॅस लावला. पहिलं पातेलं शेगडीवर चढलं.

"झालं मावशी," ती म्हणाली. "तुमचाच विस्तू आहे हा."

"आता तुमचा," मैनाबाई म्हणाली. तिनं मडकं मागच्या अंगणात नेलं, निखारे मातीवर ओतले आणि ते राख होईपर्यंत तिथं बसली. आत भाषणं चालू होती. शिक्षणासाठी पैसा कमी पडू देणार नाही, असं कोणीतरी माइकवरून सांगत होतं आणि टाळ्या पडत होत्या. नंतर लेकरं पंगतीला बसली. मैनाबाईनं वाढायला हात लावला. रांगेत आमच्या टोल्याची चारच लेकरं होती. त्यांना तिनं दोनदा वाढलं.

परत येताना ती रिकामं मडकं डोक्यावर घेऊन पुढं चालत होती. मी म्हटलं, अर्धा विस्तू तरी घरी ठेवायचास ना मैनाबाई, तुझी घरची चूलही त्याच्यावरच होती. ती थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "लेकरं जिथी, शाळा तिथी. देल्ली मंजे देल्ली भाऊ. अर्धी देऊन का होते?"

टोल्यात पोचलो तर ऊन कलायला आलं होतं. ती घराकडं वळेल असं वाटलं, पण ती माझ्या मागोमाग दुकानापाशी आली. मी फळी काढली. ती थोडा वेळ समोरच्या जोत्याकडं पाहत उभी होती. कोणाच्या तरी शेळ्या त्यावर चढून बसल्या होत्या.

"एक काडीपेटी दे," ती म्हणाली.

मी दिली. चिडवायचं तर लांबच, माझ्यानं तिच्याकडं पाहवेना. तिनं पेटी हातात घेऊन उलटीसुलटी केली, कुठून उघडते ते बघितलं आणि एक काडी काढून माझ्यापुढं धरली.

"कोणत्या बाजूनं घासू गा?" तिनं विचारलं.